आरशात बघून फिरवलेला स्क्रू

अगं,

वीज ही माणसाची दासी आहे. आज दासीने मालकाच्या थोबाडीत दिली.

तू अंघोळीला गेलीस आणि जनरेटरचं व्होल्टेज जास्त वाटलं, म्हणून कमी करायला गेलो. स्क्रू पाठीमागे, तेव्हा दाढीच्या आरशात बघून फिरवला. आरशात उजव्याचं डावं होतं हे उमगेपर्यंत काटा दोनशे ऐंशीवर! आईचं ऑक्सिजनचं मशीन ओढून काढलं. जळलं का, ते लावून बघायची छाती नाही. तिला सिलिंडर लावलाय, दोन तास पुरेल. मेकॅनिक फोन उचलत नाही, धरूनच आणतो. तू तिच्यापासून हलू नकोस. विचारलं तर म्हण, "चिरंजीव फिरायला गेलेत."

अक्षर लावून घे.

आणि घाईत तुझ्याच चपला घातल्यात; दिसल्या नाहीत म्हणून शेजारणीला बोलू नकोस.