खालचा उतार कोणी तुडवायचा

लिहून ठेवणार मी, आर्डिथ रॉस्को क्विन्लन, वय त्र्याहत्तर, पूर्वी शाळेच्या बसची चालक, राहणार सेज फोर्क, पश्चिम कोलोरॅडो. माझे डोके ठिकाणावर आहे. घोटा नाही, पण वकील श्री. पेट्री म्हणतात की कायद्याला घोट्याशी काही कर्तव्य नाही. मी हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. आधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. नव्याने लिहिण्याचे कारण एकच: डोंगरावरची माझी शिकारीची जागा कोणाकडे जावी, याबद्दल माझे मत बदलले आहे.

कलम १. घर आणि बँकेतली शिल्लक मुलगी डार्ला हिला. घर विकायचे असल्यास खुशाल विकावे. बैठकीतल्या एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या थोराड हरणाच्या, शिंगांवर ओले मोजे फार छान वाळतात, हे घेणाऱ्याला आवर्जून सांगावे.

कलम २. धनुष्य आणि बाण डार्लालाच. तिला दोरी गालापर्यंत ओढता येत नाही, तरी दुकानात नेऊन ताण कमी करून घ्यावा आणि रडगाणे बंद करावे. नर एल्कसारखी साद घालायची माझी नळी शेजारच्या लुएला हॉफस्ट्रा यांना. मी परसात सराव करत होते तेव्हा, कुठलेतरी जनावर तडफडते आहे म्हणून त्यांनी शेरिफला बोलावले होते. आता स्वतः फुंकून बघावी, म्हणजे ते किती अवघड असते ते कळेल.

कलम ३. वरची जागा. श्री. पेट्री म्हणतात, सरकारी जंगल मृत्युपत्राने देता येत नाही, ते सर्वांचे आहे. सर्वांचे आहे हे मलाही ठाऊक आहे, म्हणून तर इतकी वर्षे कोणाला सांगितले नाही.

चांगल्या भागातले शिकारीचे परवाने सोडतीने मिळतात. माझा धाकटा दीर ऑर्विन क्विन्लन दरवर्षी सोडतीत नाव घालतो, दरवर्षी त्याचा नंबर लागत नाही, आणि मग हार्डवेअरच्या दुकानात कोणालाही मिळतो तो धनुष्यबाणाचा परवाना घेऊन तोंड पाडून निघतो. मी सोडतीच्या वाटेला गेलेच नाही. दुकानातल्या परवान्यावर माझा फ्रीझर बहुतेक वर्षी भरलेला असतो. अख्ख्या गावाला याचे कोडे आहे, तर ते इथे सोडवते.

शिकारीच्या आदल्या दिवशी मी माझा ट्रक जंगलाच्या खालच्या फाटकाशी उभा करून ठेवते. ट्रक दिसला की गावातले सगळे शहाणे तिथेच गाड्या लावतात आणि पहाटे खालचा उतार तुडवत सुटतात. माणसांचा वास आला की एल्क कड्यापलीकडच्या एका घळीत उतरतात. तिथे पाणी आहे, दाट झाडी आहे आणि पायवाट नाही. मी पलीकडच्या बाजूने आधीच येऊन तिथे बसलेली असते. एल्क कुठे आहेत हे शोधण्यात लोक जन्म घालवतात. मी फक्त माणसे कुठे जातील ते बघते.

ही घळ माझ्या नवऱ्याने, रॉस्कोने, मला दाखवली, आणि मला एकटीलाच दाखवली, असे मी धरून चालले होते. तो गेल्यापासून ऑर्विन दर सप्टेंबरात माझ्या ट्रकमागे गाडी लावून खालचा उतार पालथा घालत आला आहे. खोकत, काठी आपटत, पाठीवर जेवणाचा पत्र्याचा डबा खडखडवत. मी गावभर त्याची टिंगल केली. मागच्या मृत्युपत्रात तर त्याला त्या घळीच्या आसपासही फिरकू देऊ नये असे लिहून ठेवले होते.

गेल्या सप्टेंबरात घळीत पायाखालचा दगड सुटला आणि माझा घोटा मोडला. मी होती नव्हती ती सगळी शिवीगाळ केली. थोड्या वेळाने झाडीतून ऑर्विन आला. कुठेही न अडखळता, सरळ माझ्यापाशी.

"तू इथे कसा आलास?" मी विचारले.

"चालत," तो म्हणाला आणि माझा बूट सोडायला बसला. "वहिनी, ही जागा दादाने मला तुमच्या लग्नाच्या आधी दाखवली होती."

"मग इतकी वर्षं खाली काय करत होतास?"

"दादा म्हणाला होता, ती एकटीच जाईल, कुणाचं ऐकायची नाही. तू जवळपास राहा. आता नुसतं बसून काय करायचं? म्हणून खालून एल्क हाकत होतो तुमच्याकडे."

"अरे, तुला जंगलात धड चालता येत नाही असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते."

"ऐकलंय ना. डबा मुद्दाम पत्र्याचा घेतला होता."

मला राग आला. मी मारलेले म्हणून जे एल्क मिरवले, त्यांतले किती माझे आणि किती त्याचे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मग रडू आले, ते मी घोट्याच्या नावावर खपवले.

कलम ४. ट्रक डार्लाला, या अटीवर की दर सप्टेंबरात तो खालच्या फाटकाशीच उभा राहील. रंग बदलू नये. लोकांना तो लांबून ओळखता आला पाहिजे.

कलम ५. ऑर्विन क्विन्लन याला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. त्याचेही गुडघे कुरकुरतात. मी मरेपर्यंत तो थांबला, तर घळीपर्यंत चढणार कोण? डॉक्टरांनी मला चढण बंद केली आहे, खालच्या उतारावर काठी घेऊन फिरायला हरकत नाही म्हणतात. तेव्हा येत्या सप्टेंबरात वर ऑर्विनने बसावे. खालून मी हाकेन. मला खोकता येते.

श्री. पेट्री म्हणतात, जिवंतपणी करायची गोष्ट मृत्युपत्रात घालता येत नाही. मी म्हटले, लिहा मुकाट्याने, नाहीतर मला ते त्याला तोंडाने सांगावे लागेल. तो बाहेर गाडीत बसला आहे. एक प्रत त्याला आत्ताच नेऊन द्यावी.

सही: आर्डिथ आर. क्विन्लन
ठिकाण: सेज फोर्क. तारीख: ११ जून २०१९

आमच्यासमोर सही केली:
साक्षीदार १: नदीन स्ट्रूप, हार्डवेअर दुकान
साक्षीदार २: वेस्ली ओकम, गुरांचे डॉक्टर

प्रत मिळाली. वहिनी, वारा पाठीवर घेऊन चाला, नाहीतर सगळे उलटे खाली पळतील. डबा संध्याकाळी आणून देतो.
ऑर्विन