दोघेही बाद

मु. मांडवा,
कार्तिक वद्य षष्ठी, शके १८५६

तीर्थरूप दादास,

धाकट्या सगुणाचा वाकून नमस्कार. आम्ही इथे खाऊनपिऊन धडधाकट आहोत. बाकी जे धड नाही ते खाली येतंच आहे. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी निर्गुडीचा पाला बांधते ना, की तू पुन्हा बोर्लीच्या बाजारातल्या त्या तेलवाल्याच्या नादी लागलास? (ते तेल मी मागे दाराच्या बिजागरीला घालून पाहिलं. तिलाही गुण आला नाही.)

आता पुढचं बसून वाच. मैनेसाठी तू स्थळ आणलंस, म्हसळ्याच्या दत्तोपंत वकिलांच्या घरी तुझ्या वहाणा झिजल्या, आणि आता यादी करायची तेवढी बाकी असताना मी त्या होणाऱ्या व्याह्यांना चारचौघांत ओरडून खेळातून बाहेर काढलं. आपल्या अनंतालाही काढलं. एकाच ओरडण्यात.

इथल्या माळावर मुंबईकरांचा गोल्फचा क्लब आहे, हे तुला माहीत आहे. (खेळ असा, की चांगले शिकलेले पुरुष काठीने चेंडू लांब घालवतात, मग शोधायला जातात आणि सापडला की पुन्हा घालवतात. शेवटी तो खळग्यात पडला की सगळ्यांना समाधान.) ह्यांनी तिथे कारकुनीत जन्म काढला, पण काठी हातात धरली ती पुसायला. अनंता मीठखात्यात लागल्यावर मात्र त्याला सभासद करून घेतलं. यंदा दिवाळीनंतरच्या सामन्यांत तो एकेकाला हरवत शेवटच्या सामन्याला पोचला, आणि समोर उभे कोण, तर दत्तोपंत! चांदीचा पेला एकच.

आदल्या दिवशी वाढता वाढता मी अनंताला म्हटलं, मुलीकडच्यांनी पेला उचलायचा नसतो. तो म्हणाला, "आई, माळावर मुलीकडचे आणि मुलाकडचे असं काही नसतं." मी म्हटलं, "यादीला बसलं की असतं." तो बराच वेळ भात कालवत राहिला आणि मग "बरं" म्हणाला. मला वाटलं, शहाणा मुलगा.

सामना बघायला मी गेले. माझ्यासारखीने पुढे कशाला बसायचं, म्हणून सुरूच्या झाडांआड बसले. जवळ नारळाच्या वड्यांचा डबा होता, वकील जिंकले की द्यायला. अनंता मनापासून हरत होता, पण जमत नव्हतं. (ह्यांचंही तसंच होतं, मुद्दाम वाईट काम होत नसे.) आणि वकील तर काहीच न ठरवता त्याच्याहून छान हरत होते. असं करत दोघे बरोबरीने शेवटच्या खळग्याशी आले. दोघांचे चेंडू वाळूत शेजारी पडलेले. वकिलांनी नेम धरून एक हाणला, तोच काठ्यांची पिशवी वाहणारा कोंडाजी ओरडला, "वकीलसायेब, ह्यो तर आमच्या अनंतादादाचा चेंडू हाय! तुमचा ह्यो काय, हितंच निजलाय!"

दुसऱ्याचा चेंडू मारला की तो खळगा गेला, म्हणजे सामनाच गेला, म्हणजे पेला अनंताचा. वकिलांचा चेहरा उतरला. अनंता घाईघाईने म्हणाला, "असू द्या काका, पुन्हा मारा."

"छे छे, भलतंच! मी हरलो."

"आमच्याशी खेळून तुम्ही दंड भरायचा? बरं दिसेल का ते?"

"अहो, पण—"

"माझी शपथ आहे तुम्हाला."

मग वकिलांनी, पंगतीत नको नको म्हणत जिलबी घ्यावी तसं, "तुमचा एवढा आग्रहच असेल तर" म्हणून काठी उचलली.

आणि दादा, झाडाआडून मी ओरडले, "दोघेही बाद!"

ठरवून ओरडले नाही रे. क्लबाचे नियम ह्यांनी मराठीत उतरवले होते. त्यात आहे, 'दोघा खेळणारांनी आपसांत ठरवून नियम माफ केला, तर दोघेही बाद.' ह्यांनी आधी 'अपात्र' लिहिलं होतं. मी म्हटलं, अपात्र ते दानाला, खेळात पोरं बाद होतात. हसले, आणि खोडून माझा शब्द घातला. हे गेल्यावर मी वाचायला शिकले ते त्याच कागदांवर, कारण ह्यांच्या अक्षरातलं एवढं लांब दुसरं काही घरात नव्हतं. त्या ओळीवरून इतकं बोट फिरवलंय की भाकरी थापतानासुद्धा ती तोंडात येते. तिथे 'असू द्या' कानावर पडलं आणि जीभ सुटली.

क्लबाचे सेक्रेटरी म्हातारे पारशी गृहस्थ आहेत, कानांनी अधू. दिवसभर त्यांनी काही ऐकलं नव्हतं, नेमकं हे ऐकलं. "कोन बोलला? बराबर बोलला!" म्हणून दोघांनाही काढलं. पेला कपाटात परत गेला. वकील मला लांबूनच हात जोडून मोटारीकडे निघाले, तर मी वड्यांचा डबा घेऊन त्यांच्यामागे धावले. (ही लाज वेगळी. वड्या पुढे सेक्रेटरींनी खाल्ल्या आणि वेलची कमी आहे म्हणाले.)

पण सगळ्यांत मोठी लाज सांगते. ओरडले त्या क्षणी मला मैना आठवलीच नाही. पोटच्या मुलीचं लग्न आठवलं नाही, फक्त ह्यांचं अक्षर दिसलं. आणि ते कुणी पुसतंय असं वाटलं.

तुला तोंड दाखवायला मला जागा नाही, म्हणून काही मागत नाही. स्थळ मोडलं असंच समज. वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी
सगुणा

ता. क. – पत्र टपालात टाकायच्या आतच वकिलांचा माणूस आला. ते म्हणतात, सूट घेतली ती चूक माझीच, आणि भर माळावर खरं बोलणारी विहीण मिळत असेल तर यादीला तिलाच समोर बसवा. तेव्हा वरचं सगळं रडणं फुकट गेलं. पण कागद भरलाय, तो फाडवत नाही, म्हणून पाठवते.

आणखी ता. क. – खरं मागणं हे आहे. मी अनंताला हरायला सांगितलं, आणि धड हरूही दिलं नाही. तो रागावलेला नाही, तेच वाईट आहे. जेवतो, ताट उचलतो, कामावर जातो. काल क्लबावरून येताना कोंडाजीने सांगितलं, की सामन्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत तो रोज माळावर एकटाच काठी घुमवत असे, पेला आईच्या हातात द्यायचा म्हणे. यादीचं निमित्त करून तू लवकर ये. मी विहिरीवर गेले की त्याला विचार, पुढल्या वर्षी तो खेळणार का. मी विचारलं तर मला बरं वाटेल तेच तो सांगेल. त्याला काय हवं आहे, हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही, दादा. विचारायचं कसं, तेही मला येत नाही.