व्हॅनचा शाफ्ट

३ फेब्रुवारी, मंगळवार
लेकाने भंगारवाल्याला रविवारी बोलावलंय. माझ्या व्हॅनसाठी! मला न विचारता. "आई, ती मागे नुसती गंजतेय. तुला कुठे जायचं असलं तर मी आहेच की सोडायला."
आहेच की! ताईकडे सोड म्हणून उन्हाळ्यापासून घसा कोरडा केला. तिकडे बस जात नाही. "बघू" म्हणतो, की झालं. ताई तिकडे एकटी वाट बघतेय.
या व्हॅनमधून मी इतकी वर्षं शाळेची पोरं ने-आण केली. व्हॅन गेली की मी बसले याच्या 'बघू'वर. नाही देणार!

४ फेब्रुवारी, बुधवार
गिअरबॉक्स बसवून झालाय. जुना मोडला होता; हा दुसऱ्या गाडीचा, पण बसला. अडलंय शाफ्टपाशी — गिअरबॉक्सकडून मागची चाकं फिरवणारा तो लांब दांडा. आता तो लांब पडतो. गाडी जॅकवर उचलली, खाली शिरले, टेप लावली. लेथवाल्याकडून कापून, जोडून आणला.
"मावशी, माप नक्की ना?"
नक्की म्हणजे! मी काय आज गाडी बघतेय?

५ फेब्रुवारी, गुरुवार
बसला! सून खिडकीतून बघत होती. तिला ऐटीत हात केला.
मग जॅक उतरवला. चाकं जमिनीला टेकतात न टेकतात तोच खाडकन आवाज. शाफ्ट गिअरबॉक्समध्ये जाऊन घट्ट रुतला. लेक म्हणाला, "आता तरी हट्ट सोड." न्हाणीघरात जाऊन रडले. रागाने. त्याच्या नाही, माझ्याच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
चहा गाळता गाळता डोक्यात प्रकाश पडला. बावळट बाई! जॅकवर चाकं लोंबत होती, आणि मी लोंबत्या चाकांचं माप घेतलं. गाडी काय हवेत चालवायची होती? खाली टेकली की चाकं वर दबतात, अंतर कमी होतं.
शाफ्ट काढला. चारी चाकांखाली जाड ओंडके सरकवले, गाडीचं वजन चाकांवर येऊ दिलं आणि मग टेप लावली. खड्ड्यात चाक उसळलं तर शाफ्टला सरकायला थोडी जागाही सोडली. लांब निघाला हे नशीब. आखूड झाला असता तर कपाळाला हात!
लेथवाला हसला. हसू दे. "दोन्ही टोकांचे सांधे एका रेषेत ठेव, नाहीतर थरथरेल," असं बजावून तिथेच स्टुलावर बसून राहिले.

७ फेब्रुवारी, शनिवार
बसवला. उतरवली. आवाज नाही! गल्लीत चकरा मारल्या. थरथर नाही, काही नाही. लेक दारात उभा. "चालते?"
मी हॉर्न दिला.

८ फेब्रुवारी, रविवार
भंगारवाला येऊन हात हलवत परत गेला म्हणे. मी तेव्हा ताईच्या दारात बॅगा उतरवत होते, दोन्ही मोठ्या. संध्याकाळी लेकाचा फोन — "आई, परत कधी येतेस?"
म्हटलं, येईन की. पाहुणी म्हणून.