पाच बोटं

मंगळवार, संध्याकाळ. मार्गासनी.

देशोदेशीचा कारभार मोजायच्या पाहणीसाठी आज पानशेतच्या वरच्या वाडीवर गेलो होतो. सरकारी रुग्णवाहिकेला पाचपैकी किती गुण द्याल, असं एका आजींना विचारलं. त्यांनी पाची बोटं वर केली.

“कुणासाठी बोलावली होतीत?”

“आमच्या ह्यांच्यासाठी.”

“आता बरे आहेत ना?”

“न्हाई रं. गाडी येईस्तवर गेलं व्हतं.”

बोटं अजून वरच होती. मी मोबाईलवर पाच दाबले. माणूस वाचला का, असा प्रश्नच नाही त्यात. इतर देशांचे आकडेही असेच... जाऊ दे. कमी करायला हवे होते का? पण मी कोण कमी करणारा?

निघताना आजी म्हणाल्या, “कमी लिवू नगंस, बाळा. त्यो डायवर माज्यासंगं रडत बसला व्हता.”