शिर्डीचा पेढा आणि उद्याचं मनन

पप्पा, मला तुमची आठवण येत नाहीये, राग येतोय. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मुलगी हळवी झाली. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि मी अजूनही सकाळी डोळे उघडले की काल काय चुकलं ते शोधायला लागते. शाळेत सोबतच्या शिक्षिकेला "साडी छान आहे" म्हटलं आणि साडी मला आवडली नव्हती, हे मला दोन दिवस टोचत राहतं. ही खोड माझी नाही. ती तुम्ही लावलीत.

शाळेत जायच्या आधीच मी तुमच्याकडे वाचायला शिकले, बायबलमधल्या शुभवर्तमानाच्या ओळींवर बोट ठेवून. रोज सकाळी सहाला स्वयंपाकघरात चटई. तुम्ही उतारा वाचायचात, मग प्रत्येकानं त्यावर मनन सांगायचं. माझ्यासाठी वही होती. एका बाजूला प्रभू आज काय म्हणाला ते, दुसऱ्या बाजूला मी त्याविरुद्ध काय वागले ते. मी नऊ वर्षांची. कधी काही सुचायचंच नाही, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "नीट शोध. सापडत नाही म्हणजे झाकलंयस." आईला वही नव्हती. ती भाकरी थापत तोंडीच सांगायची, दूध उतू गेलं, शेजारणीशी जास्त बोलले. तुम्ही स्वतःचं काहीच सांगायचा नाहीत. तुम्ही फक्त समजावून सांगायचात.

त्या दिवशी शेजारच्या काकू शिर्डीहून आल्या आहेत. पायातल्या चपलाही न काढता दारातूनच हात पुढे करतात. "घ्या वो मास्तरीणबाई, बाबांचा पेढा हाय. तुमच्या पोरीसाठी बी नवस बोलले मी, दम्याचा." आई माझ्याकडे बघते, दाराकडे बघते, आणि पेढा घेते. अर्धा तिनं खाल्ला, अर्धा माझ्या तोंडात घातला. "एवढ्या मायेनं आणलाय, न्हाई कसं म्हणायचं?" दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं, काल आईनं आणि मी शिर्डीचा पेढा खाल्ला. तुम्ही ते मोठ्यानं वाचलंत. भाकरी तव्यावर करपली तरी आई हलली नाही.

मला काही शिक्षा झाली नाही, कारण मी कबूल केलं होतं. आईला तुम्ही सांगितलंत, येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, तू घ्यायचं नाहीस. ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट आलं तेव्हा तिनं ते तसंच पुढे दिलं, आणि पुढच्या दोन्ही बाकांवरच्या बाया वळून बघत राहिल्या. सोमवारी तुम्ही तिला काकूंकडे पाठवलंत, यापुढे असला दुसऱ्या देवाचा प्रसाद देऊ नका म्हणून सांगायला. मी तिचा पदर धरून गेले होते. काकू म्हणाल्या, "अवो, पेढाच हाय ना? त्यात काय इख घातलं हुतं व्हय मी?" आई नुसतं "तसं न्हाई वो, तसं न्हाई" म्हणत राहिली. त्यानंतर काकू रस्त्यात हसायच्या, पण आमच्या दारात परत आल्या नाहीत. त्या गल्लीत आईला दुसरं कोणी नव्हतं.

हे आज लिहितेय, कारण आता आमच्या चर्चच्या मंडळीचा मोबाईलवर ग्रुप आहे. रोज सकाळी एकजण पाळकसाहेबांनी नेमलेल्या उताऱ्यावर मनन बोलून पाठवतो. उद्या माझी पाळी आहे आणि नेमका हा उतारा आला आहे. तोंडातून आत जातं त्यानं माणूस विटाळत नाही, मनातून बाहेर येतं त्यानं विटाळतो. हा उतारा तुम्हाला पाठ होता, पप्पा. संडे स्कूलमध्ये ते कर्मठ परूशी आणि जेवणाआधीचं त्यांचं हात धुणं शिकवताना तुम्ही आम्हाला हसवून हसवून लोळवलं होतंत. म्हणजे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी तुम्ही तिला शेवटच्या बाकावर बसवलंत. उद्या मी नुसतं परूशांवर बोलले तर ते खोटं होईल. खरं सांगितलं तर आईची ती फजिती त्याच बायांच्या कानांवर पुन्हा जाईल. त्यातल्या बऱ्याचजणी ग्रुपवर आहेत. आणि आई माझं प्रत्येक मनन फोन कानाला लावून ऐकते.

म्हणून दुपारी तिला विचारलं. ती मेथी निवडत होती.

"आई, ते पेढ्याचं मीच लिहिलं होतं."

"मग काय मांजरानं लिहिलं हुतं?"

"तुला माझा राग नाही आला?"

"नऊ वर्षांच्या पोरीचा?"

"आणि पप्पांचा?"

तिनं एक जुडी संपवली, दुसरी घेतली. "हाय की. अजून हाय."

"मग मनात राग ठेवून दर वेळी प्रभुभोजन कसं घेतेस?"

"भूक लागती म्हनून." मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सांग उद्या. 'कुनाची तरी आई' म्हनून न्हाई, 'माझी आई' म्हनून सांग. आन पेढा चांगला हुता, ते बी सांग."

मी रेकॉर्ड करून ठेवलंय. तुम्हाला कुठेही वाचवलेलं नाही. ज्यानं हा धडा आम्हाला शिकवला त्यानंच तो मोडला, असं सरळ म्हटलंय. ते उद्या सकाळी जाईल. हे पत्र कुठे जाणार नाही, तुम्हाला पत्ता नाही म्हणून नव्हे, तर यात एक वाक्य आहे जे मी ग्रुपवरच्या मननात बोलले नाही. तिथे मी म्हटलंय, मी लहान होते, काय होईल ते मला कळत नव्हतं. मला कळत होतं. वहीतलं ते वाचून झाल्यावर आईसमोरच तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून "शाब्बास" म्हणालात, आणि मला ते आवडलं होतं.