विनाफवारणी

११ एप्रिल
आढीतला पहिला आंबा पिकला. मथुराला जाऊन तीन आठवडे, घरात आता मी एकटाच. तिचा फोन वाजत राहतो, मीच घेतो. "काकूंचेच आंबे हवेत हं!" चाळीस पेट्यांची मागणी. खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या तिने आधीच लिहून ठेवल्यात — 'विनाफवारणी. मु. पो. मसुरे.'

१२ एप्रिल
शेजारचा जयराम आंबे उतरवायला आला. झाडावरूनच म्हणाला, "मास्तर, फळ बरां धरलां मां? तुमका सुतक, बागेत पाय ठेवूचो नाय. तुडतुडे तर पडलेले. म्हटलां, वर्साचो आंबो जायत. एक हात मारलंय!"
फवारलं! कसलं औषध? बाटली टाकून दिली म्हणे.
ओरडावंसं वाटलं. पण त्या बारा दिवसांत आमच्याकडे पाणीसुद्धा त्यानेच भरलं.

१३ एप्रिल
शर्मिष्ठाचा पुण्याहून फोन. "बाबा, बाजारातला आंबा कोण तपासून घेतं? धुऊन पाठवा." आईची मुलगी असून असं बोलते.
चार आंबे तपासायला प्रयोगशाळेत पाठवले. पेट्या थांबवल्या.

१६ एप्रिल
प्रयोगशाळेकडून अजून काही नाही.

१७ एप्रिल
कोल्हापूरच्या संचिताबाईंचा फोन. बाळ आठ महिन्यांचं. "पहिला आंबा तुमचाच भरवणार. काकूंना शब्द दिलाय."
चार दिवसांत कळवतो म्हणालो. आढी सारखी उलटून बघतो. वास घरभर. एकही खाल्ला नाही.

२१ एप्रिल
अहवाल आला. एका औषधाचा अंश मर्यादेच्या दुप्पट.
मनात आलं — चिठ्ठ्या न लावता पेट्या पाठवल्या तर? खोटं तर लिहिलेलं नसेल! मग ते बाळ आठवलं. स्वतःची लाज वाटली.

२२ एप्रिल
जयरामकडे गेलो. आवाज चढला माझा, शाळेतही कधी चढला नव्हता. "आमच्या बागेत औषध मारत नाहीत हे अख्ख्या गावाला ठाऊक! मला विचारायचंस तरी!"
त्याची बायको यशोदा चुलीपुढून उठून आली. "सांगान टाका हो आता."
"मास्तर... दोन वर्सां मीच मारतंय. मोहोर करपलो ना, तेव्हापासून. तुम्ही कट्टा गावच्या शाळेत गेल्यार वैनी बोलवी. 'ह्यांका सांगा नको,' म्हणाली. म्हणान यंदा इचारूक नाय."
मी परत आलो.
दोन वर्षं! सकाळी मला डबा द्यायची आणि मग —
विचारू कुणाला?

२३ एप्रिल
सगळ्यांना कळवलं. यंदा आंबा नाही. मागच्या दोन वर्षांचाही फवारलेला होता. चिठ्ठ्यांवर खोटं लिहिलं होतं.
फवारणी मी करायचो, मथुराला ठाऊक नव्हतं — असं लिहिलं.