गुरुवारची सुई

लिलोंग्वे,
१४ जून

माई,

नमस्कार. या जूनच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? तळ्यावरून वारा सुटला असेल, सकाळी शेकोटीपाशी बसत जा. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिते. जोहान्सबर्गहून लामेकनं ब्लँकेट पाठवलंय, लाल रंगाचं. तुमच्या मुलाला अजून वाटतं की इथे आम्हाला त्रास असेल तर तो थंडीचाच.

फेलिस्टा, तू हे आजीला वाचून दाखवशील. काही गाळू नकोस. ती रडायला लागली तर थांब, पाणी दे, आणि पुढे वाच. फोनवर ती रडते आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून तर कागद घेतला.

माई, तुमच्या नातवाला, यांखोला, पुन्हा इस्पितळात ठेवलंय. हे लामेकनं सांगितलं असेल. रक्तातला कॅन्सर उलटलाय हेही सांगितलं असेल. बाकीचं तुम्ही विचारलं नसेल आणि त्यानं सांगितलं नसेल.

तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत तेव्हा डोक्यावर केस आले होते. आता पाहिलंत तर ओळखणार नाही. गोळ्यांनी तोंड भोपळ्यासारखं फुगलंय, डोळे आत गेलेत. त्या गोळ्यांची भूक वेगळीच असते. न्सिमा शिजेपर्यंत त्याला दम धरवत नाही, मक्याचं कच्चं पीठ मुठीनं तोंडात कोंबतो. हातातून काढून घेतलं तर चावतो. माझ्या मनगटावर वण आहेत. मग औषधानं तोंड आतून सोलून निघतं, आणि तेच पोर पेजेचा घोट घेताना पाय झाडतं. भूक तशीच असते, फक्त गिळता येत नाही. पावलं पुन्हा लुळी पडलीत. चालताना बोटं जमिनीला घासतात, स्वतःच्याच पायात अडकून पडतो. पाच वर्षांचं पोर, म्हाताऱ्यासारखं भिंत धरून चालतं. पडला की मी धावते, तर ओरडतो, "तू नको! सिस्टर, ही नको!"

का, ते तुम्हाला कळायला हवं. पाठीच्या कण्यात सुई घालायची तर पोराला कोळंबीसारखं वाकवून घट्ट धरावं लागतं. जरा हललं की पुन्हा टोचावं लागतं. माझी पकड पक्की आहे. बाकीच्या आयांचे हात थरथरतात, मग सिस्टर म्बेवे मलाच हाक मारते, "तडाला, जरा ये गं, हिच्यानं होत नाही." मी जाते. त्या आया मागून माझे हात हातात घेऊन आभार मानतात. पण मी वॉर्डात शिरले की पोरं डोक्यावरून चादरी ओढून घेतात.

पत्र काल इथेच थांबलं. त्याला उलट्या होत होत्या.

गेल्या नाताळातल्या, त्या आंब्याच्या दिवसांबद्दल मी तुम्हाला आजवर काही बोलले नाही. उपचार सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, रक्त स्वच्छ आलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाताळापुरतं आजीकडे राहू दे, गोळ्या मात्र चुकवू नका." मी गोळ्या पुडीत बांधून तुमच्या हातात दिल्या. तुम्ही ती पुडी छातीशी धरलीत, एखादी पवित्र वस्तू धरावी तशी. मला बरं वाटलं होतं.

न्यायला आले तर तुम्ही अंगणात शेंगा फोडत होता. म्हणालात, "तो कुठाय इथे? काकाबरोबर बेटावर गेलाय. मासे बघायला. ये पुढच्या आठवड्यात." पुढच्या आठवड्यात आले, तेव्हाही तो बेटावर होता. मग गावच्या मुखियांना बरोबर घेऊन आले, तेव्हा तुमच्या बहिणीच्या घरात सापडला. वाळूत पळत होता, माई. पाय धड, पोट उन्हानं काळंभोर. मला पाहिलं आणि तुमच्या कमरेच्या चितेंजेत तोंड लपवलं.

तुम्ही मुखियांसमोर काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बघा, केस आलेत. पळतंय पोर. आजार कुठाय? आजार हिच्या त्या इस्पितळात आहे. ही नेते आणि आजारी करून आणते." बायका माना डोलवत होत्या. मी पुडी मागितली. तुम्ही म्हणालात, "कोंबड्यांना घातली. त्यासुद्धा खाईनात."

सगळे हसले. तोही हसला.

मग मला त्याची बोटं तुमच्या कमरेच्या कापडातून एकेक करून सोडवावी लागली. तुम्ही मदत केली नाहीत. अडवलंही नाहीत. नुसत्या उभ्या राहिलात, आणि तो बसपर्यंत तुमच्या नावानं किंचाळत आला.

एप्रिलात, पावसाळा संपता संपता, ते उलटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तडाला, गोळ्या चुकल्या म्हणून, की उलटायचंच होतं, हे कुणालाच सांगता येणार नाही." त्यांना सांगता येत नाही. मला येतं.

आता ते डोक्यातल्या पाण्यात उतरलंय. दोन्ही हातांनी कपाळ आवळून बसतो, उजेड नको म्हणतो. दर गुरुवारी कण्यात सुई देतात, मग दोन दिवस दुखणं कमी असतं. बरं होण्यासाठी नाही ती सुई. फक्त दुखू नये म्हणून. हे मी वरच लिहायला हवं होतं, हात चालला नाही. लामेकला अजून कळलेलं नाही. फेलिस्टा, तू सांगू नकोस. त्याला मी सांगेन.

परवा शेजारच्या खाटेशी नवीन बाई आली. तिनं यांखोला विचारलं, "तुझी आई कुठाय रे, बाळा?" मी तिथेच त्याचा वाडगा विसळत होते.

तो म्हणाला, "तळ्यावर. मला न्यायला येणार आहे."

"मग ही कोण?"

"ही? ही धरणारी."

ती बाई हसली. तिला वाटलं पोर गंमत करतंय.

माई, तुम्ही या. सोमवारच्या बसनं निघा. वाळवलेले उसिपा आणा, त्याला ते मासे गिळता येणार नाहीत, पण वास घेईल. तुम्हाला पाहून तो पळायचा प्रयत्न करेल आणि पडेल, तेव्हा उचला. मी मध्ये येणार नाही. मंगळवार, बुधवार तुमचे. मांडीवर घ्या. घरी नेते म्हणा, बेटावर नेते म्हणा, हवं ते खोटं सांगा. ते तुम्हाला जमतं.

गुरुवारी मात्र त्याला तुम्ही धरायचं. मी नाही. मी सिस्टर म्बेवेला सांगून ठेवलंय. एक हात मानेमागे, दुसरा गुडघ्यांमागे, आणि आपली छाती त्याच्यावर टेकवायची. तो तुमचं नाव घेऊन ओरडेल, तरी सोडायचं नाही. मान वळवून तो तुमच्या तोंडाकडे बघेल. तेव्हा डोळे मिटायचे नाहीत. मी एकदाही मिटले नाहीत.

तुम्हाला वाटेल, तडाला सूड घेतेय. थोडा घेतेच आहे. पण त्यासाठी बोलावत नाही. सुई निघाली की तो धरणारीकडे पाठ फिरवतो आणि खोलीत दुसरं जे कोणी असेल त्याच्याकडे हात पसरतो. सिस्टर असो, फरशी पुसणारी बाई असो. तिच्या गळ्यात पडून हमसून रडतो आणि रडता रडता खांद्यावरच झोपतो. दोन वर्षांत ते दुसरं माणूस मी कधीच नव्हते.

या गुरुवारी मी दाराशी उभी राहणार आहे. हात मोकळे ठेवून.

गुडघ्यांचं कारण सांगू नका.

तुम्हाला माफ न केलेली, तरी तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तडाला